दूधविनायकातली सुतारशाळा

आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत वेदमूर्ती पुष्कळ होऊन गेले आणि त्यांची नावं अजून आदराने घेतली जातात. वेणीमाधव मुळ्यांचं नाव कुणी घेत नाही, आणि घेतलंच तर हसायला घेतात. त्यांचे वडील घनपाठी होते, म्हणून गल्लीने मुलाला 'रंधापाठी' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव त्यांच्या तेराव्यापर्यंत टिकलं. मी शरदिनी, त्यांच्या समोरच्या घरातली. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. कुणाला राग आला तर येवो. आमच्या गल्लीला राग लवकर येतो, दुसऱ्याची भूक मात्र फार उशिरा दिसते.

गोष्ट इंग्रजी अमलातली, मंदीच्या सालातली. माझ्या आजोबांच्या वेळी दक्षिणेतला यात्रेकरू काशीला यायचा तो महिनाभर राहायचा. त्याच्या जिवावर आमच्यासारखी घरं चालायची. पुढे रेलगाडी आली. यात्रेकरू सकाळी उतरायचा, पंचगंगेवर बुडी मारायचा, मणिकर्णिकेवर पिंड टाकायचा आणि संध्याकाळी प्रयागच्या गाडीत बसायचा. मंदी आली तेव्हा तोही येईनासा झाला. घरोघर मिसरूड फुटलेली मुलं बसून होती. अर्धा वेद पाठ, बाकी हाताला काही येत नाही. आयांना वाटायचं आपला मुलगा शास्त्री होणार, आणि मुलाला ठाऊक असायचं की आपण काही होणार नाही.

ही मुलं जगत होती ती छत्रावर. पंचगंगेच्या उतारावर एका दूरच्या संस्थानिकाचं अन्नछत्र होतं. वेद शिकणाऱ्या ब्राह्मणाच्या मुलाला तिथे रोज एक पान वाढलं जायचं. अट एकच, सकाळी ओलेत्याने विश्वेश्वरशास्त्र्यांसमोर संथा म्हणायची आणि सोवळं सांभाळायचं. सोवळं बिघडलं की पान बंद. शास्त्रीबुवा दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. हे बिचारे नियमाने चालणारे होते.

माझा थोरला भाऊ विष्णु त्याच पानावर होता. आमचे वडील दम्याने गेले तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. घरी आई आणि मी. विष्णुची जीभ अडायची. साधं नाव सांगायचं तरी पहिल्या अक्षरावर कपाळाची शीर फुगायची, मग ऋचा कुठून म्हणणार? छत्रात तो मागच्या रांगेत उभा राहायचा आणि बाकीच्यांच्या सुरात नुसते ओठ हलवायचा. शास्त्रीबुवा थोडे बहिरे होते, म्हणून निभावत होतं. आपल्या पानातलं अर्धं तो उपरण्याखाली लपवून घरी आणायचा, ते आम्ही मायलेकी खायचो. छत्राच्या आमटीची चव मला अजून आठवते आणि अजून नकोशी वाटते.

आईला एकच भीती होती, आणि त्या भीतीचं नाव ढुंढिराज. आमच्याच गल्लीच्या टोकाला तो राहायचा. माणूस मेल्यावर अकराव्या दिवशी एका ब्राह्मणाला मेलेल्याच्या जागी पाटावर बसवतात. तो मेलेल्यासाठी रांधलेलं जेवतो, मेलेल्याचं अंथरूण, छत्री, जोडे, भांडी दान घेतो, आणि शेवटी 'तृप्तोऽस्मि' म्हणतो, तेव्हा कुठे तो जीव सुटतो. कधी तो अडून बसतो, अमुक वस्तू द्या मग म्हणेन म्हणतो, आणि यजमानाला ती द्यावीच लागते. एवढं मोठं काम, पण ते करणाऱ्याला पुन्हा कुठल्या मंगल पंगतीत घेत नाहीत, कुणी मुलगी देत नाही, सकाळी तो समोरून आला तर बायका दार ओढून घेतात. ढुंढिराज ते काम करायचा. एक दिवस तो आमच्या दाराशी, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला आणि आईला म्हणाला, "वहिनी, मुलाला बोलता येत नाही ना? आमच्या कामात एकच शब्द बोलावा लागतो. मी म्हातारा झालो, पाठवा माझ्याबरोबर." तो गेल्यावर आईने उंबऱ्यावर पाणी ओतलं आणि रडत बसली. चांगुलपणाने बोलला होता हो तो. तेच तर वाईट होतं.

आता वेणीमाधवांकडे येते. तरुणपणी ते घरातून पळून बरेलीला गेले होते आणि तिथल्या सरकारी शाळेत सुतारकाम शिकून आले होते. घनपाठ्याचा मुलगा करवत धरतो म्हणून मोठा गहजब झाला. बापाने पंचगव्य पाजून, क्षौर करवून, प्रायश्चित्त देऊन त्यांना पंगतीत परत घेतलं. त्यांनीही निमूट घेतलं. लग्न मात्र जमलं नाही. बाप गेल्यावर घराच्या खालच्या दालनात त्यांनी अवजारं मांडली आणि गल्लीतल्या बेकार पोरांना म्हणाले, या, शिकवतो. पोरं आधी चेष्टा करायला गेली, मग राहिली. मास्टरजी म्हणायला लागली.

त्यांचा बेत साधा होता आणि पक्का होता. उद्योगखात्याचा इन्स्पेक्टर येऊन मुलांचं काम पाहणार, पसंत पडलं तर शाळेला सरकारी मान्यता मिळणार. मान्यता मिळाली की मुलांना वजीफा, म्हणजे दरमहा सरकारी पैसे चालू, मग छत्राच्या पानाची गरज नाही. आणि शिकून निघालेल्याला रेल्वेच्या कारखान्यात, डबे बांधायच्या कामावर जागा. हे त्यांनी आमच्या आईला ओसरीवर बसून समजावलं. आई म्हणाली, "भावजी, विष्णुचं त्यात होईल?" ते म्हणाले, "वहिनी, रेलचा डबा संथा विचारत नाही." त्या दिवशी आईने किती महिन्यांनी देवापुढे साखर ठेवली.

विष्णु शिकला, आणि सगळ्यांत चांगला शिकला. मी समोरच्या खिडकीतून बघायची. रंधा चालवताना त्याच्या कपाळाची ती शीर कधी फुगली नाही. फळीवरून हात फिरवून मास्टरजींकडे बघायचा, ते मान हलवायचे, झालं. दोघं दिवसदिवस बोलत नसत. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला गल्लीने बोलण्यासारखं काही ठेवलं नव्हतं.

माशी शिंकली ती वासाने. सुतार फळीला फळी चिकटवतात ती सरसाने, आमच्याकडे त्याला सरेस म्हणतात. जनावराचं कातडं, हाडं, खूर उकळून ते करतात. त्याच्या वड्या भिजत घालून मंद आंचेवर वितळवाव्या लागतात आणि तो वास एकदा निघाला की चार घरं लपत नाही. मास्टरजींनी पहिल्यांदा सरेसची वाटी आंचेवर ठेवली त्या दिवशी संध्याकाळच्या आत विश्वेश्वरशास्त्री उपरणं नाकाला लावून दारात हजर. मेलेल्या गुराचं कातडं शिवलेला हात छत्राच्या पानाला लागणार नाही, त्यांनी सांगितलं. ही मुलं एकतर इथे येतील नाहीतर तिथे जेवतील.

मास्टरजी गयावया करायला लागले. मान्यता मिळेपर्यंत थोडे महिने सांभाळून घ्या, मग मुलं छत्रात येणारच नाहीत. शास्त्रीबुवांनी बराच विचार केला आणि त्यांच्या दृष्टीने फार मोठं मन दाखवलं. सुतारकी करा, लाकूड पवित्र आहे, यज्ञाची पात्रं लाकडाचीच असतात. पण या दालनात सरेस येणार नाही अशी शपथ घ्या. मास्टरजींनी आपल्याच घरातल्या तांब्यातलं गंगाजल ओंजळीत घेतलं आणि शपथ घेतली. शास्त्रीबुवा समाधानाने गेले. सरेसची वाटी घासूनपुसून अवजारांच्या पेटीच्या तळाशी गेली.

दुसऱ्या कुणी पाठ फिरताच वाटी पुन्हा आंचेवर ठेवली असती, आणि वास आला तरी कबूल केलं नसतं. किंवा मुलांना सांगितलं असतं की छत्र गेलं खड्ड्यात. पण हा घनपाठ्याचा मुलगा. त्याला वाटलं, शपथही पाळू आणि कामही करू. सोवळं एका खांद्यावर आणि करवत दुसऱ्या खांद्यावर घेऊन चालता येईल, असं आमच्याच माणसांना वाटू शकतं. मला विचाराल तर त्यांची चूक झाली ती इथे.

मग सुरू झाले प्रयोग. चिंचोके भाजून, दळून त्यांची खळ केली. उडदाच्या पिठात चुना घातला. लाख वितळवून पाहिली, ती तडकली. शेवटी चिंचोक्याच्या खळीवर बेत ठरला. सांधा इतका नेमका तासायचा की खळ नावालाच लागावी, वर बांबूच्या खुंट्या मारायच्या. इन्स्पेक्टरसाठी प्रत्येक मुलाने एक टेबल करायचं होतं, फळ्या जोडून केलेल्या रुंद पाटाचं. थंडीच्या दिवसांत विष्णुचं टेबल तयार झालं तेव्हा मी आणि आई बघायला गेलो. फळी कुठे संपते आणि कुठे सुरू होते ते बोटाला लागत नव्हतं. काशीची कोरडी थंडी, सगळं घट्ट बसलेलं. मास्टरजींनी टेबलावर थाप मारली आणि हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

इन्स्पेक्टर फाल्गुनात येणार होता. आला नाही. मग कळवलं की चैत्रात, मग म्हणे दौरा पुढे गेला, आणि अखेर निरोप आला की श्रावणात, पंधरवड्यातल्या कुठल्याही दिवशी.

श्रावणातली काशी ज्याने पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. गंगा पंचगंगेच्या पायऱ्या गिळून वर आलेली, भिंतींना घाम, मीठ पाणी होतंय, पापडाला बुरशी. दालनातल्या टेबलांना आधी पांढरी बुरशी आली, मग मुंग्या. चिंचोक्याची खळ त्यांना गोड लागली असावी. मग एक दिवस विष्णु घरी आला आणि आईसमोर बसला. किती तरी वेळ त्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हणाला, "सांधे सु... सुटतायत."

सगळी मुलं मास्टरजींना विनवायला लागली. सरेस आणा, एका दिवसात पुन्हा जोडू. मास्टरजी कारागिरांच्या वस्तीत जाऊन सरेसच्या वड्या घेऊनही आले. वाटी पेटीतून वर काढली. वड्या भिजत घातल्या. आणि तिथेच बसून राहिले. आई ओसरीवरून बघत होती, तिला राहवेना. पदर सावरून ती दालनाच्या दारात गेली आणि म्हणाली, भावजी, शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी.

मास्टरजींनी जे सांगितलं ते मी आईच्या मागे उभी राहून ऐकलं. "वहिनी, पापाला मी घाबरत नाही. पण आज वास निघाला तर आजच सगळ्यांचं पान बंद. साहेब उद्या येईल, की अमावस्येला येईल, की येणारच नाही. तोवर ही मुलं काय खातील? तुम्ही काय खाल? एकाचं असतं तर मी उडी मारली असती."

 आम्ही घरी आलो आणि विष्णुने आणलेलं अर्धं पान खाल्लं. त्याच पानासाठी तिकडे तो माणूस वाटीसमोर बसला होता, आणि घास तर आम्हाला गिळावाच लागत होता. संध्याकाळी त्यांनी भिजलेल्या वड्या गटारात टाकल्या. मुलांना म्हणाले, टेबलांना दोऱ्या आवळून ठेवा, साहेब दारात दिसला की सोडा. निराश माणूस देवाला साकडं घालतो तसं ते त्या दोऱ्यांना घालत होते.

साहेब आला. गोरा नव्हता, आपल्यातलाच, कानपूरकडचा, शांत माणूस. त्याने मुलांची नावं विचारली, विष्णु अडखळला तेव्हा थांबून ऐकून घेतलं. अवजारं पाहिली, धार पाहिली, खूश झाला. विष्णुच्या टेबलाजवळ बराच वेळ उभा राहिला आणि सांध्यावरून नख फिरवलं. मग सगळेच जे करतात ते त्याने केलं. टेबलाची एक बाजू धरून उचलली. कडेची फळी खुंट्यांसकट त्याच्या हातात आली आणि बाकीचं टेबल खाली राहिलं.

 त्याने फळीची कड नाकाशी नेली, मास्टरजींकडे बघून विचारलं, "सरेस नहीं लगाया? आप तो बरेली के पढ़े हैं." मास्टरजी उभे होते. त्यांना काय सांगता येणार होतं? की साहेब, आमच्या मुलांना जेवण मिळतं ते सरेस न लावण्याबद्दल? साहेबाने फळी हळूच खाली ठेवली. दुसऱ्या टेबलाला त्याने हातही लावला नाही, त्याची गरज नव्हती. जाताना म्हणाला, "घर की मेज़ टूटे तो चाय गिरती है, मास्टरजी. रेल का डिब्बा टूटे तो आदमी मरते हैं." मला त्याचा फार राग आला होता. आज येत नाही. त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच सगळं संपलं.

शाळा बंद झाली. पानं मात्र चालू राहिली. विश्वेश्वरशास्त्र्यांनी चारचौघांत सांगितलं की वेणीमाधवाने शब्द पाळला, शेवटी रक्त ते रक्त. मला वाटलं, वरच्या खिडकीतून त्यांच्या डोक्यावर पाणी ओतावं. आईने माझा हात धरला.

दोन पावसाळेही गेले नाहीत तोच संस्थानातून हुकूम आला, खर्च कमी करा. छत्राने पानं कमी केली. शास्त्रीबुवा नियमाने चालणारे, त्यांनी एकेकाला समोर उभं करून संथा म्हणून घेतली. विष्णु समोर उभा राहिला. पहिल्या अक्षरावर कपाळाची शीर फुगली आणि तिथेच राहिली. शास्त्रीबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं पाहणारे सांगतात. आलं असेल. पान बंद झालं.

त्याने कामासाठी वणवण केली. यात्रेकरूंचं सामान उचललं, एका मिठाईवाल्याकडे भट्टीवर राहिला. सुतारांकडे गेला तर ते हात जोडून म्हणाले, महाराज, तुमच्यासारख्याकडून हमाली करून घेऊन आम्ही नरकात जायचं का? आई अंथरुणाला खिळली. माझं लग्न त्याच वर्षी ब्रह्माघाटावरच्या एका बिजवराशी उरकलं, म्हणजे एक तोंड कमी झालं. एक दिवस मी माहेरी आले तर आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. कोपऱ्यात नवी कोरी छत्री, घोंगडी, पितळी तांब्या. मी विचारलं, हे कुठून आलं. आई वळली नाही. मग मला कळलं. ढुंढिराज थकला होता आणि विष्णु त्याच्या पाटावर बसला होता.

मेलेल्या गुराचं सरेस ज्याच्या हाताला चाललं नसतं, त्याच्या पोटाला मेलेल्या माणसाचं अन्न चाललं. आमच्या गल्लीतल्या कुणालाही यात विचित्र वाटलं नाही. दारं तेवढी ओढली जायला लागली.

मास्टरजींनी ते पाहिलं. विष्णु गल्लीतून जायचा तेव्हा ते दालनाच्या दारात येऊन उभे राहायचे. दार न ओढणारा तो एकच माणूस. पण दोघं बोलत नसत. शाळा मोडल्यापासून मास्टरजी खडावा करायचे, पोळपाट करायचे, पळ्या करायचे, सगळं एका लाकडातून कोरलेलं. सांधा लागेल असं काही त्यांनी पुन्हा हातात घेतलं नाही. मी एकदा पाळण्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "शरदे, जोडायचं काम मला सांगू नकोस." मी पुन्हा सांगितलं नाही.

चार-सहा वर्षांनी, आश्विनातल्या तापात ते गेले. चुलतभाऊ बिंदुमाधव ग्वाल्हेरहून आला आणि त्याने सगळं केलं. अकराव्याला कुणाला बसवायचं हा प्रश्नच नव्हता. गल्लीत ते काम करणारा एकच होता.

मी गेले होते. बायकांनी जायचं नसतं, तरी गेले आणि घाटाच्या वरच्या पायरीवर उभी राहिले. विष्णु पाटावर बसला. आपल्या मास्टरजींच्या जागी बसला. त्यांच्यासाठी रांधलेलं अन्न तो खाली मान घालून जेवला. पान पूर्ण संपवलं, कारण त्यांची भूक त्याच्या तोंडून भागायची होती. शेजारी दानाचं सामान होतं, अंथरूण, छत्री, जोडे. बिंदुमाधवाने हात जोडून विचारलं, तृप्त झालात?

विष्णु बोलला नाही. सगळ्यांना वाटलं, जीभ अडली. बिंदुमाधवाने पुन्हा विचारलं. विष्णुने मान हलवली, नाही. इतक्या वर्षांत तो कधीच, कुणाकडेच अडून बसला नव्हता. कपाळाची शीर फुगली. "पे... पेटी," तो म्हणाला. अवजारांची पेटी बिंदुमाधवाने एका सुताराला द्यायची ठरवली होती. तो कुरकुरला, पण मृताचा जीव टांगून ठेवणार कोण? पेटी आली. विष्णुने तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तृ... तृ... तृप्तोऽस्मि." तो शब्द त्याला नेहमीच जड जायचा. त्या दिवशी तो संपेपर्यंत मला वाटलं की माझाच श्वास जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माहेरी गेले तर गल्लीच्या तोंडाशीच वास आला. लोक दारांत, खिडक्यांत उभे. आमच्या ओसरीवर, भर उजेडात, विष्णुने शेगडी मांडली होती आणि तिच्यावर ती वाटी, पेटीच्या तळाशी इतकी वर्षं पडून राहिलेली. सरेस वितळत होतं. शेजारी त्याचं ते टेबल, फळी सुटलेलं. मास्टरजींनी ते इतकी वर्षं आपल्या खाटेशेजारी ठेवलं होतं, बुरशी पुसून, आणि बिंदुमाधवाने मोडकं म्हणून ते पेटीमागोमाग देऊन टाकलं होतं.

विश्वेश्वरशास्त्री काठी टेकत आले. फार म्हातारे झाले होते. उपरणं नाकाला लावून म्हणाले, "विष्णु, अरे हे काय चालवलंस?"

विष्णुने वर पाहिलं. "सरेस आहे, शास्त्रीबुवा. मा... माझं पान बंद करा."

  शास्त्रीबुवा काठी टेकत परत गेले आणि एकेक दार लागत गेलं. विष्णुने बोटांनी सरेस फळीच्या कडेला लावलं, फळी टेबलाला बसवली, दोरीने आवळली. मग त्या टेबलावर डोकं ठेवून तो रडला, मोठ्याने, अजिबात न अडखळता. मी शेगडीवरून वाटी उतरवली. माझ्याही हाताला सरेस लागलं. मी ते धुतलं नाही.

रात्र मी तिथेच, आईच्या अंथरुणापाशी राहिले. सकाळी त्याने दोरी सोडली, टेबलाची दोन टोकं धरली आणि पाय रोवून सगळ्या ताकदीने ओढलं. मग मला म्हणाला, "शरदे, सु... सुटत नाही."

रेल्वेच्या कारखान्यात घ्यायचं त्याचं वय कधीच उलटून गेलं होतं. अकराव्याच्या ब्राह्मणाने केलेलं टेबल गल्लीत कुणी घरात घेणार नव्हतं. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तो टेबलावरून हात फिरवत बसला होता तेवढ्यात बाहेरून कुणीतरी, उंबऱ्यापासून दूर उभं राहून, हाक मारली की मणिकर्णिकेच्या बाजूला एकाचा आज अकरावा आहे, चलता का. विष्णु उठला, हाताचं सरेस खरवडलं, निघालं नाही, आणि तसाच गेला.